मऊ तोंड

पहाटे चारला ओडेलने बोटीचं इंजिन बंद केलं
आणि पाण्यात बुडालेलं सगळं जंगल अंगाशी आलं.
आर्कान्सात डिसेंबरात आम्ही असे उभे राहतो,
मांडीभर पाण्यात, ओकच्या बुंध्याला पाठ टेकून.
रबरी विजारीत पाय आहेत असं फक्त गृहीत धरायचं.
मेबल तिच्या फळीवर. फळी पट्ट्याने खोडाला बांधलेली,
पाण्याच्या वीतभर वर.
तिच्या नाकातून वाफ निघते, माझ्या कोपरापाशी विरते.

चौथ्या झाडापाशी हार्लनचा मुलगा, वेस्ली.
त्याला आणणार आहे, हे हार्लन बोलला नव्हता.
ट्रकच्या मागच्या सीटवर तो दिसला, एवढंच.
चौदा महिने केंद्रात काढून आलेला,
बापाचं जाकीट खांद्यात उतरलेलं.

गेल्या वर्षी याच बोटीत मी म्हणालो होतो की त्या पोराला –
राहू दे.
तोंड सुटलं होतं माझं.
हार्लनने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.
ते आधीच लागलेलं होतं.

उजाडू लागलं की एक पाय पाण्यात हलवत राहायचा.
वर्तुळं पसरतात, लाकडी बदकं डुलतात,
वरून जाणाऱ्यांना वाटावं, इथे कुणीतरी
आधीच सुखात आहे.

मग हार्लनने शिट्टी ओठाला लावली.
दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा माणूस
शिट्टीतून मादीसारखा भांडतो, आर्जवं करतो,
खाचरांत सांडलेल्या भाताच्या थापा मारतो.
वर थवा वळला. पुन्हा वळला.
फांद्यांच्या भोकातून पंख आवरत, पाय पुढे काढून
खाली यायला लागला,
आणि सगळ्यांच्या आधी वेस्लीने बार काढला.

सुटलेलं परत येत नाही म्हणतात.
मेबलला हे कुणी सांगितलेलं नाही.
तिने धप्पकन उडी टाकली,
पापुद्र्याएवढा बर्फ छातीने फोडत गेली,
झुडपांआड दिसेनाशी झाली.

पिल्लू होती तेव्हा मी तिला कोंबडीचं अंडं आणायला शिकवलं.
पहिली सहा फुटली. अंगण चिकट झालं, बायको वैतागली.
सातवं आलं ते लाळेने ओलं, अख्खं.
रात्री तळून तिलाच घातलं.

आली. तोंडात हिरव्या मानेचा नर,
डोळा उघडा, लख्ख, तिच्या दातांमधून
आमच्याकडे बघणारा.
कुठे ओरखडा नाही. एका पंखात एक छर्रा, बस.
ती माझी कुत्री, म्हणून माझ्याच हातात दिलं.
हात फिरवला तर गरम, आत धडधड.
तिने इतक्या लांबून जे जपून आणलं
ते मी दोन बोटांनी मान पिरगाळून संपवलं.
तसंच करतात. तेच बरं असतं.
वेस्ली बघत होता. मान फिरवली नाही त्याने.

पाणी ढवळत त्याच्या झाडापर्यंत गेलो.
म्हणायचं बरंच होतं, वर्षभर
पिकअपमध्ये एकट्याने म्हणून पाहिलेलं.
‘तुझं आहे,’ म्हणालो, पक्षी पुढे केला.
त्याने दोन्ही हातांनी घेतला,
पाण्यात पडेल म्हणून जसं कुणी तान्हं घेतं,
आणि म्हणाला, ‘रॉइसकाका, तिच्या जिभेला पीस चिकटलंय.’

मी बघेपर्यंत त्याने हात तिच्या जबड्यात घातला होता.
मेबल, जी माझ्या सख्ख्या भावावरही गुरगुरते,
तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

परतताना बोटीत कुणी काही बोललं नाही.
ओडेल सॉसेजची पोळी खात होता, अर्धी कुत्रीला.
थर्मास फिरला. वेस्ली, ओडेल, मग हार्लनने स्वतः घेतली,
मग झाकणभर माझ्यासमोर आली.
कॉफी पार गार झालेली.
मी सगळी प्यायलो.