भरलेलं की रिकामं

लोथार आवाजावरून ओळखतो.
वळणापलीकडे, द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या पाटीच्या दगडांवर
इंजिनाची घरघर आपटून परत येते
आणि तो बाकावर ताठ होतो:
"डच आहे. एकच इंजिन. जुनं."
मग विचारतो, जे एकतीस वर्षं स्वतः बघून वहीत लिहायचा,
"भरलेलं की रिकामं?"

भरलेलं, मी सांगते. कड पाण्याला टेकलीय.
कोळसा आहे. वर चाललंय.

कॅमेरा आता माझ्या गळ्यात.
त्याच्या डोळ्यांच्या मधोमध एक डाग पसरत गेला;
डॉक्टरनं नाव सांगितलं होतं, मी ते विसरायचं ठरवलं.
कडेकडेचं दिसतं त्याला:
माझा कान, कठड्याचं टोक, बगळा उडाला तर पंख.
ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं नाही.

झेल्टिंगनच्या जलपाशात जहाज शिरतं
अभ्र्यात उशी कोंबावी तसं,
दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा.
मागचं दार मिटतं.
पाणी कुठून येतं ते दिसत नाही.
भिंतीतल्या शेवाळल्या शिडीची
एक पायरी जाते, मग आणखी एक,
आणि सहा मीटर खोल उभा असलेला माणूस
पाव तासात आपल्यासमोर येऊन ठेपतो,
मिशीसकट, कॉफीच्या मगासकट, "मॉर्गन" म्हणत.

लोथारनं हे कधीच टिपलं नाही.
त्याला हवी पूर्ण बाजू, स्वच्छ नाव, ऊन पाठीशी.
एकशे चौदा वह्या. बुटांच्या खोक्यांत निगेटिव्ह.
"माणूस आला की चौकट बिघडते," म्हणायचा,
आणि थांबायचा, माणूस आत जाईपर्यंत.

मी थांबते माणूस बाहेर येईपर्यंत.
माझ्या फोटोंत नावाची अर्धी अक्षरं,
डेकवर साखळीनं बांधलेली लाल गाडी,
दोरीवर सात मोजे.
आठवा कुठे गेला, या विचारात हात हलतो.

आजचं नाव मी मोठ्यानं वाचलं: नोइट गेदाख्त.
"खेदाख्त," त्यानं सुधारलं. "म्हणजे, कधी वाटलंच नव्हतं.
एकशे दहा मीटर. चाकावर कोण, म्हातारा बोन्स्ट्रा?"

नाही रे. एक बाई आहे, चाळिशीच्या अलीकडची.
आणि मागे तो लोखंडी जाळीचा चौकोन,
पोरं पाण्यात पडू नयेत म्हणून ठेवतात ना,
त्यात कांदे वाळत घातलेत.

लोथार बराच वेळ गप्प.
पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं.
"त्यात एक पोर असायची," तो म्हणाला. "पिवळी टोपी.
सगळे आत जायचे, ही जाणार कुठे!
पाच-सहा वर्षं माझा एक फोटो धड येऊ दिला नाही तिनं."
मग टाकून दिलेस?
"बिघडलेल्यांचं खोकं आहे एक.
तळघरात. बटाट्यांमागे."

एवढ्यात बाई आमच्या पातळीला आली.
मी काही बोलायच्या आधीच
ती लोथारकडे बघत राहिली, मग खिडकीतून वाकून म्हणाली,
"झेल्टिंगन आलं की आई ओरडायची,
आत चला सगळे, त्या माणसाला फोटो काढायचाय!
तो माणूस तुम्हीच का?"

तो उभा राहिला. टोपी काढली.
तिला बघता यावं म्हणून
तिच्या शेजारच्या रिकाम्या हवेकडे बघत म्हणाला, "मीच."

मी बटण दाबलं.
चौकटीत तिचा कोपर, कांदे, लोथारचा तिरका चेहरा,
आणि नावातलं फक्त "कधी नाही" एवढंच.
पुढचं दार उघडलं, जहाज आपली उशी काढून घेऊन निघालं.
तो म्हणाला, वहीत वेळ लिही.
लिहिली.
दिशा लिही, माल लिही.
लिहिलं.

संध्याकाळी बटाटे हलवावे लागणार आहेत.
दोन पोती आहेत, आणि त्याची कंबर ही अशी.