बेवड

सेलूहून बस सुटली की तिसऱ्या फाट्याला,
दुधनेच्या अलीकडं आमची काळी.
तीन एकर वीस गुंठे.
सलग सात सालं त्यात हायब्रीडच पेरली,
कारण बैलांना कडबा लागतो,
आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आठव्या साली ज्वारी गुडघ्याला आली आणि थांबली.
पाऊस होता, ओल होती,
तरी भर दुपारी पानांची सुरळी करून
तहानेल्या माणसासारखी गप्प उभी.
मी युरिया टाकला.
मग परत युरिया टाकला.

कौसाबाई खुरपायला आल्या, अकराजणी घेऊन.
एका ताटाच्या बुडाशी बसल्या, बोटानं माती सारली.
वीतभर हिरवं काहीतरी, वर पांढरं फूल,
एवढं की नथीतला मोतीसुद्धा मोठा वाटावा.
"टारफुला," त्या म्हणाल्या.
"हे वर दिसतंय तवा याचं जेवण झालेलं असतंय.
खाली मुळाला मूळ लावून पितंय.
वरून खुरपून काय करतीस?"

बी म्हणाल तर तपकिरीसारखं.
शिंकलं तर उडेल, मोजू गेलं तर जन्म जाईल.
मातीत पडून राहतं, सालोसाल,
आणि ज्वारीच्या मुळाचा वास आल्याशिवाय
डोळा उघडत नाही.
(लव्हाळ्याचं तसं नाही. तो कुणाच्याही लग्नात जेवतो.)

"मग?"
"मग पेरा बदल. कपाशी लाव. तूर लाव.
तुरीच्या मुळालाबी तसाच वास असतोय.
हे उठतंय, तोंड वासतंय,
अन् तूर काही याला पाजत न्हाई.
चार दिवसांत मरतंय. तिथंच, अंधारात."
हे कुठं शिकलात, मी विचारलं.
"पंचवीस वर्सं दुसऱ्याच्या रानात वाकले.
उभ्यानं दिसत न्हाई ते वाकल्यावर दिसतंय."

पहिल्या साली कपाशी.
केना होता, कुंदा होता, खुरपणीचे तीन फेरे झाले.
दुसऱ्या साली तूर, मधे सोयाबीनची चार-चार तासं.
सोयाबीननं अशी गोधडी ओढली अंगावर
की खालच्या गवताला ऊन मागायला जागा उरली नाही.
एकच फेरा.
तिसऱ्या साली मूग, त्यामागं हरभरा,
आणि मी निरोपच पाठवला नाही.

न पाठवलेल्या निरोपाला आवाज नसतो,
तरी गावात तो ऐकू जातो.
गिरणीत रुबिनाची आई म्हणाली,
कौसाबाईच्या टोळीतल्या चौघी
आता सेलूला जिनिंगवर जातात, सकाळच्या टेम्पोनं.
मी दळण डोक्यावर घेतलं.
उपाय त्यांचा होता.
बुडालेला रोजगारही त्यांचाच.

चौथ्या साली परत ज्वारी.
बेवड लागला. ताटं खांद्याच्या वर गेली,
पानं दुपारीही उघडी.
भाद्रपदात मी निरोप धाडला.
कौसाबाई एकट्याच आल्या, खुरपं कमरेला खोचून,
आणि ओळीओळीनं चालत राहिल्या, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.
दीड घंटा झाला, दोन झाले.
मी बांधावर भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली.
नाल्याकडच्या कोपऱ्यात त्या वाकल्या.
पदराला गाठ मारली,
आणि माझ्यापाशी येऊन सोडून दाखवली.
एकच. फुलावर आलेलं.
बोंड अजून धरलं नव्हतं.

"एका झाडाची मजुरी काय लावू, कौसाबाई?"
मी हसून विचारलं, पण हसू नीट बसलं नाही.
"सबंध दिवसाची," त्या म्हणाल्या.
"उपटायची न्हाई. हुडकायची."

वहीत लिहिलं: ज्वारी, साल चौथं.
कौसाबाई, एक दिवस. टारफुला, एक.
खाली एक ओळ मोकळी सोडली.
पुढच्या साली काय पेरायचं,
ते त्यांना विचारून, आणि त्याचे पैसे देऊन,
मग लिहायचं.