उरलेल्यातून

चर्चच्या तळघराची खिडकी जमिनीलगत आहे.
येणाऱ्याचे आधी बूट दिसतात,
मग जिन्यावर श्वास ऐकू येतो,
मग माणूस.

दर गुरुवारी पाच ते आठ.
एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका
(तो कुणी वापरत नाही; समोर असला की पुरतं).
वरच्या स्वयंपाकघरात एल्मा रुओना
वेलदोड्याचा पाव भाजते.
हॅनकॉकमध्ये नोव्हेंबरपासून बर्फ,
आणि बर्फात हा एवढाच एक वास.

एरवी मी खरेदीखतं करते, घटस्फोट करते,
स्नोमोबाइलनं कुणाचं कुंपण पाडलं तर नोटीस धाडते.
वकील संघ म्हणतो, वर्षाला तीस तास समाजाला द्या.
तीस तास फेब्रुवारीतच संपतात.
पुढचे कुठल्या रकान्यात लिहायचे
मी विचारलेलं नाही.

आर्वो क्लेमेट्टी आला तेव्हा त्याचे बूट
एकमेकांशी बोलत नसल्यासारखे चालत होते.
कोरिया. पन्नास सालचा हिवाळा.
दोन्ही पाय गोठले, बोटं चार गेली,
आणि कागद सगळे
सेंट लुईसच्या आगीत जळाले.
थंडीचा पुरावा आगीत गेला, मी म्हटलं.
तो हसला नाही. मी पुन्हा तसं बोलले नाही.

त्याला हिशोब समजावून सांगितला.
उजवा पाय तीस टक्के. डावा पाय तीस टक्के.
साठ नाही होत, एक्कावन्न होतात.
का?
कारण पहिले तीस गेल्यावर तुम्ही सत्तरच उरता,
दुसरे तीस
त्या उरलेल्यातून काढायचे.

बराच वेळ तो टेबलाकडे बघत राहिला.
म्हणाला, हे ज्यानं लिहिलं
तो कधीतरी जखमी झाला असणार.

साक्षीदार? एक नेब्रास्कात, थडग्यात.
दुसऱ्याचं नाव आठवत नव्हतं,
फक्त तो झोपेत शीळ घालायचा एवढं.
मग तिसऱ्या गुरुवारी बिस्किटांचा डबा आला,
त्यात आईला लिहिलेली पत्रं, फिनिशमधली.
मला माझ्या आजीच्या भाषेतल्या
शिव्या आणि प्रार्थना तेवढ्या येतात.
एल्मा खाली आली, हाताला पीठ,
कागदाला हात न लावता वाचू लागली:

'आई, थंडी आपल्याकडच्यासारखीच आहे,
फक्त सौना नाही.
पायांना आता काही कळत नाही,
त्यामुळे दुखतही नाही.
मोजे पाठव.'

एल्मा तिथं थांबली.
आर्वो म्हणाला, आले होते मोजे.
एप्रिलमध्ये.

मी त्यावर लिहिलं, पुरावा क्रमांक तीन.
माझं अक्षर त्या दिवशी नीट आलं नाही.

सगळं असंच होतं असं नाही.
डेल ट्रेझाइजचं अपील माझ्या हातून गेलं,
मुदत टळून अकरा दिवस झाले होते.
इराकहून आणलेली पाठ घेऊन तो अजून
लाकूड वखारीत रात्रपाळी करतो.
नाताळात त्यानं मला कार्ड पाठवलं.
ते कपाटावर उभं नाही केलं.
खणात आहे, पालथं.

लोक म्हणतात, किती चांगलं काम करता.
मी मान हलवते.
चांगलं काम म्हणजे बहुतेक वेळ
फोन धरून वाट बघणं,
तेच संगीत पुन्हा पुन्हा ऐकणं,
आणि कुणाच्या तरी आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस
तारखेसकट विचारणं.

चौदा महिन्यांनी लखोटा आला.
दोन्ही पाय, कानातली अखंड शिट्टी,
एखाददुसरा पोटनियम, मिळून साठ.
फोनवर आर्वो गप्प.
मग विचारलं, मागचं सगळं देणार का?
नाही म्हटलं, अर्ज केला त्या दिवसापासूनचं.
म्हणाला, मग आधीची साठ-सत्तर वर्षं मी फुकट लंगडलो.

फिनिशमध्ये आर्वो म्हणजे मोल.
हे मला एल्मानं सांगितलं, निकालानंतर, पाव कापताना.
मी तेव्हापासून त्याचं नाव जरा सावकाश घेते.

काल गुरुवार. खिडकीत चार बूट दिसले.
दोन ओळखीचे, न बोलणारे.
दोन कोवळे, पायरीवर थांबलेले,
परत फिरू का म्हणणारे.

जुने बूट थांबले. वाट बघत राहिले.
मी दुसरी खुर्ची पुढे ओढली, तिसरी शोधू लागले.

जिन्यातून मीच ओरडले, आर्वो, कसे आहात?
वरून उत्तर आलं:
चाळीस टक्के.
याला खाली आणतोय.