पोटात घेतलेलं

ऊनस्ट्रूट नदीकाठच्या गिरणीतून
हार्टविग लिंडिगनं पाठवलेलं पीठ
चहाच्या जुन्या डब्यात आलं, वर चिठ्ठी :
'अळ्या मरतायत. मी काहीच केलेलं नाही.'

रोसविथानं ते पाण्यात कालवलं,
ऐंशी अंशांवर दहा मिनिटं ठेवलं.
मरायचं ते मेलं.
उरलं ते तिनं काचेच्या बशीत पेरलं;
सकाळी मेणाच्या थेंबांसारखे मळकट ठिपके.

तिसऱ्या दिवशी बशीतलं अन्न सरलं.

भिंगाखाली काड्या. प्रत्येकीच्या
अगदी टोकाला एक पडदा उभा राहिलेला.
मधोमध नव्हे,
मोठ्या घरात कुणी रुसून
एकच कोपरा अडवून घ्यावा तसा.
मग मोठी खोली लहान खोलीला
चहूबाजूंनी गिळत गेली.
गिळत, की पोटात घेत?
वहीत तिनं लिहिलं : वेढले.

थरावर थर चढले, आतलं पाणी आटत गेलं,
आणि तो बीजाणू असा लखलखला
की तिनं दिवा मंद केला.

त्याच पेशीत, त्याला खेटून,
दुसरंच काम चाललेलं :
प्रथिनाचा स्फटिक,
तळाला तळ जोडलेले दोन पिरॅमिड,
कडा अशा, की कुणी पैलू पाडलेत.
घरात दाणा नाही
आणि ही बया हिरे घडवत बसलीये.

दुपारी हार्टविगचा फोन.
'विष आहे का?'
'अळीला. तिच्या आतड्यात हा खडा विरघळतो,
भोकं पाडतो. मग मेलेल्या अळीतच बीजाणू रुजतो.
तुमच्या पोटात आम्ल आहे. तिथं त्याचं काही चालत नाही.'
'म्हणजे पाव भाजू?'
'चाळून घ्या आधी.'
तो हसला, खोकला. मागे जातं घरघरत होतं.
'आणि ती? जिनं हे सगळं केलं ती?'

रोसविथानं पुन्हा डोळा लावला.
भिंत कुठं होती तेही आता कळत नव्हतं.
बीजाणू एकीकडे तरंगत होता,
स्फटिक त्याच्यापासून केसभर दूर.

'ती नाही,' ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं डबा
उकळत्या पाण्यानं तीनदा विसळला, सवयीनं.
उकळून हे जात नाही, तिच्याइतकं कुणाला ठाऊक?
आता त्यात ती सुटी नाणी टाकते.