प्रतवारी

बोलेस्वाविएत्सच्या चिनीमातीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी खोट काढत आले.
हो, खोट काढायचाच पगार.
हातात मेणाची लाल पेन्सिल, डोक्यावर नळीचा दिवा,
समोरून निळ्या ठिपक्यांच्या ताटल्या सरकायच्या
आणि मी म्हणायचे: दुसरी. दुसरी. तिसरी.
इथे झिलई पातळ. इथे ठिपका ओघळलाय.
इथे सुईच्या टोकाएवढं काळं.
पहिली क्वचितच.
पहिली म्हणताना जीभ अडखळायची,
उसने पैसे देताना हात अडखळतो तशी.

पाच वाजता दिवा बंद व्हायचा, पेन्सिल नाही.
घरी न्हाणीघराच्या आरशात
नाक: तिसरी.
(आई म्हणायची, नाक बापाचं, तोरा बापाचा,
अक्कल कुणाची ते तेवढं कळत नाही.)
दंड: तिसरी.
बोलणं: चौथी, चारचौघांत घसा बसतो.
आणि मोडलेलं लग्न, त्याला प्रतच नाही,
ते सरळ खापरांच्या ढिगात.

नामदिनाच्या फोटोंत मी कायम मागच्या रांगेत,
कुणाच्या तरी खांद्याआड,
नाहीतर कॅमेरा माझ्याच हातात.
भाऊ लेशेक म्हणायचा,
आमची गेन्या म्हणजे भिंतीचा रंग.
सगळ्यांबरोबर मीही हसायचे.
सगळ्यांपेक्षा जरा जोरातच.

मग फेब्रुवारीत कलिना आली, काम शिकायला.
एकोणीस वर्षांची. वरचा ओठ लहानपणी शिवलेला,
बोलताना हात तोंडाशी.
वीस्वावाने मला शिकवलेलं तसंच मी तिला शिकवलं:
आधी बघू नकोस. वाजव.
बोटाच्या पेराने, कडेला, हलकेच.
अख्खी असेल तर खणखणते.
तडा असेल तर बद्द बोलते,
मग वरून कितीही देखणी असो, फेक.

तिने एक वाटी उचलली. ठिपके पार ओघळलेले,
झिलईखाली कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
वाजवली.
खण्ण.
"ही?" हात तोंडावर तसाच.
"चौथी."
"पण फेकायची नाही?"
"छे गं. डाग म्हणजे तडा नव्हे."

बोलून गेले मी.
पुढच्या चार ताटल्या न बघताच सरकल्या,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या रात्री आरशावर वाफ होती, ती पुसली नाही.
बोट वाकवून छातीच्या हाडावर वाजवलं,
आत कुणी आहे का बघायला
दारावर वाजवावं तसं.
हसू नका. छप्पन्न वर्षांची बाई, अंगावर टॉवेल,
स्वतःलाच टकटक करतेय.
घंटेसारखा आवाज काही आला नाही.
पण बद्दही नव्हता.
आईला शेवटची दोन वर्षं उचलून निजवलं
ते याच हाडांनी. चौथ्या मजल्यावर कोळसा नेला
तोही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

सवय गेलीय असं नाही.
दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं की
खिशातली बोटं अजून पेन्सिल शोधतात.
पण ऑगस्टमध्ये, केक कापताना,
लेशेक भिंतीचा रंग म्हणाला तेव्हा मी हसले नाही.
एवढंच. हसले नाही.
काटेचमचे ऐकू येतील इतकी शांतता झाली
आणि ती मोडणं माझं काम नव्हतं.

कलिनाचा हात अजून तोंडाशी जातो.
मी काही बोलत नाही.
कधीकधी तो वाटेतच थांबतो,
कानामागे केस सारल्यासारखं करतो, खाली येतो.

ती वाटी मी विकत घेतली, पाव किमतीत.
रोज तिच्यातून आंबट पिठाचं सूप पिते.
अजून थेंबभर गळलेली नाही.
अंगठ्याचा तो ठसा नेमका माझ्या अंगठ्याखाली येतो.
माती ओली असताना कुणीतरी
घाईने धरली असणार,
पडू नये म्हणून.