प्रश्नचिन्ह

फ्रीजच्या दारावर वेल्क्रोची पट्टी,
पट्टीवर सात चौकोन.
ब्रश. तांब्या. युनिफॉर्म. उंडा.
बालरथ, मीच रंगवलेला,
पिवळा रंग चाकांवरही सांडलाय.
मग शाळा. मग पुन्हा घर.
एकेक काम उरकून शौनक चित्र सोलतो,
खालच्या डब्यात टाकतो.
खर्र, टप.
डिचोलीत आमची सकाळ अशी वाजते.

जुलियाना टीचरनं आठवं चित्र दिलं होतं,
नुसतं प्रश्नचिन्ह.
"काही बदललं, तर हे लावा."
मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, विजेच्या बिलांखाली.
बदलाला त्याच्याहून मीच जास्त घाबरते.

आज इनास पोदेरचं पोंक पोंक आलंच नाही.
साडेसहा. पावणेसात.
शौनक ग्रिलला नाक लावून उभा,
मुठीत उंड्याचं चित्र, घामानं दुमडलेलं.
आता अंग टाकेल, आता डोकं, आता भिंत.
मी गुपचूप उशी सरकवून ठेवली.

तो आत आला. ड्रॉवर उघडला.
म्हणजे तेव्हा बघत होता तर.
बिलं बाजूला सारली,
उंड्याच्या जागी प्रश्नचिन्ह चिकटवलं,
तळव्यानं दाबलं, दोनदा,
आणि माझ्याकडे वळला.

मी रात्रीची पोळी तव्यावर टाकली.
कडेला करपली.
त्यानं करपलेली कड तेवढी ताटात ठेवली.

बालरथ गेल्यावर फोन लावला.
इनासचा गुडघा सुजलाय, सायकल चालवता येत नाही.
प्रश्नचिन्ह काढायला हात नेला होता,
राहू दिलं.
उद्याही लागेल.