नवी आवृत्ती

सावद्याच्या दुपारी कूलर पाणी मागतो,
अपडेट अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडून बसतं.
चाचणीला घेतली
सुपडू तायडेच्या पोरीची हळद.

आभाळ झकास. मंडपाच्या चुण्या गेल्या.
हळद मात्र त्याला रंगाची चूक वाटली,
पोरगी धुतल्या तांदळासारखी करून ठेवली.
आणि सुपडूचे हात—
तीस वर्षं घड कापून
बोटांत मुरलेला केळीचा काळा चीक,
रॉकेलला, लिंबाला न हटलेला,
एका क्लिकमध्ये साफ.

वेग दुप्पट आहे, मान्य.
सगळं पूर्ववत करणार होतो,
तेवढ्यात सुपडू पाठीशी येऊन उभा.
पडद्याकडे बघितलं, मग पंजाकडे.
"हा एक असाबी ऱ्हाऊ द्या, भाऊ."

दोन्ही छापले.
पैसे एकाचेच घेतले.
जुनी आवृत्ती काढायची होती,
अजून आहे.